दोन देशांच्या धारेवर

हिमालय म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर दोर, बर्फातल्या कुऱ्हाडी आणि पैसेवाल्यांची हौस उभी राहते. हे आपले काम नव्हे, असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. पण वाचक बंधू-भगिनींनो, याच हिमालयात एक वाट अशी आहे की जी गडकिल्ले चालायची सवय असलेला साधा पगारदार माणूसही चालू शकतो. ती वाट एका देशातून दुसऱ्या देशात जाते, परत येते, पुन्हा जाते. चालणाऱ्याला कित्येकदा कळतही नाही की आपण आता कोणत्या देशात आहोत.

पश्चिम बंगालच्या दार्जिलिंग जिल्ह्यात मानेभंज्यांग नावाचे गाव आहे. भंज्यांग म्हणजे खिंड. या गावाची काही घरे भारतात, काही नेपाळात. तेथून सिंगलीला नावाची डोंगररांग उत्तरेकडे चढत जाते. तिच्या धारेवरूनच दोन देशांची सीमा गेली आहे. उत्तरेकडे तोंड करून चालू लागलो की डाव्या हाताला नेपाळ, उजव्या हाताला भारत. मध्येमध्ये सिमेंटचे खांब लागतात, तेवढीच काय ती खूण. १९५० साली दोन्ही देशांत मैत्रीचा करार झाला. त्यामुळे एकमेकांच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. सीमा सुरक्षेचे जवान मात्र चौकीवर ओळखपत्र पाहतात आणि वहीत नाव लिहून घेतात.

२०२३ च्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नऊ जण या वाटेवर गेलो. पाच पुरुष, चार स्त्रिया. कोणी बँकेत शिपाई, कोणी पालिकेत, दोन शिक्षिका, मी कारकून आणि माझी भाची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी. वर्षभर दरमहा थोडे थोडे पैसे बाजूला टाकून जमवलेली ही सहल. दोन रात्री रेल्वेत काढून न्यू जलपाईगुडीला उतरलो आणि जीपने मिरिक-सुखियापोखरीमार्गे मानेभंज्यांग गाठले. ही वाट सिंगलीला राष्ट्रीय उद्यानातून जाते. त्यामुळे तिकीट काढावे लागते आणि स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो. आमचा वाटाड्या पन्नाशीचा होता. त्याला सगळे 'दाजू' म्हणत. नेपाळी भाषेत दाजू म्हणजे मोठा भाऊ. सोबत दोन ओझेवाले. एक दाजूंच्या वयाचा, दुसरा नेपाळच्या इलाम जिल्ह्यातला वीस-बावीस वर्षांचा पोरगा.

पहिले दोन दिवस मजेत गेले. चित्रे आणि मेघमा येथे बौद्ध विहार लागतात. वाटेवर चोर्तेन, म्हणजे लहान स्तूप, आणि मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती दिसतात. त्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचे, ही तिकडची रीत. शेर्पा, तामांग, गुरुंग, राई अशा कितीतरी समाजांची वस्ती या डोंगरांत आहे. पहिला मुक्काम टुमलिंगला झाला, तो नेपाळात. दुसऱ्या दिवशी गैरीबासला उतरून भारतात आलो आणि संध्याकाळी कालीपोखरीला पुन्हा सीमेवर. पोखरी म्हणजे तळे. आपण देवनागरी वाचणारी माणसे, त्यामुळे नेपाळी पाट्या सहज वाचता येतात. गुरांच्या झोपडीला ते गोठ म्हणतात, आपण गोठा म्हणतो. चढाला उकालो, उताराला ओरालो. आमची भाची दोन दिवसांत हे सगळे शब्द शिकली आणि त्या ओझेवाल्या पोराला मराठी शिकवू लागली.

एक गोष्ट आम्ही पहिल्याच मुक्कामी ठरवून टाकली. अशा वाटांवर बहुधा पाहुणे बाहेरच्या खोलीत आधी जेवतात आणि वाटाडे-ओझेवाले मागाहून, स्वयंपाकघरात. आम्ही म्हटले, आपण सगळे चुलीजवळ एकत्रच जेवू. दाजू जरा संकोचले. मग भात, डाळ आणि राईच्या पाल्याची भाजी एकाच वेळी बारा ताटांत वाढली गेली. पुढे जे घडले त्यात या एकत्र जेवणाचा मोठा वाटा आहे असे मला वाटते. ज्याच्याबरोबर आपण जेवतो तो आपल्याला खरे बोलून दाखवतो.

तिसऱ्या दिवशी बिखेभंज्यांगवरून, म्हणजे विषाच्या खिंडीवरून, खडा चढ चढून सांदकफूला पोचलो. या भागात बचनागासारख्या विषारी वनस्पती उगवतात, त्यावरून हे नाव पडले. सांदकफूची उंची ३६३६ मीटर. पश्चिम बंगालमधले हे सर्वांत उंच ठिकाण. आपले कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे दुपटीहून अधिक. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने दोन-तृतीयांशाच्या आसपास उरतो. एका श्वासात आपल्याला जेवढा प्राणवायू मिळायची सवय असते, तेवढा तेथे मिळत नाही.

चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला सगळे बाहेर आलो. थंडीने बोटे वाकत नव्हती. पण समोर जे दिसले त्याने थंडी विसरायला लावली. उत्तरेला कुंभकर्ण, कांचनजंगा आणि पंडीम ही शिखरे अशी ओळीने उभी आहेत की एखादा माणूस उताणा पहुडला आहे असे वाटते. डोके कुंभकर्णाचे, मधला देह कांचनजंगेचा, पाय पंडीमकडे. तेथील लोक याला 'निद्रिस्त बुद्ध' म्हणतात. आपल्याला कुशीवर पहुडलेली महापरिनिर्वाणाची मूर्ती ठाऊक असते, हा उताणा आहे. पर्वत हा दगड-बर्फाचाच. त्यात आकार पाहिला तो माणसांनी. पण ज्या माणसांना एवढ्या मोठ्या पर्वतात राजा किंवा राक्षस न दिसता शांत झोपलेला तथागत दिसला, त्यांच्या मनाचे मला कौतुक वाटले. पश्चिमेला दूरवर ल्होत्से, एव्हरेस्ट आणि मकालू दिसत होते. जगातल्या पाच सर्वांत उंच शिखरांपैकी चार एका जागेवरून पाहिली.

त्या दिवसाची चाल सगळ्यांत मोठी होती. सांदकफू ते फालुट एकवीस किलोमीटर. फालुट म्हणजे जेथे नेपाळ, सिक्कीम आणि पश्चिम बंगाल यांच्या सीमा मिळतात ती जागा. चढ फार नाही, पण सबंध दिवस साडेतीन हजार मीटरच्या आसपास, उघड्या धारेवर चालायचे. वाटेत पाणी मिळत नाही, ते पाठीवरच न्यावे लागते. साडेसहाला निघालो. वाळलेले पिवळे गवत, मध्येच देवदारासारख्या उंच झाडांचे पांढरे पडलेले, मेलेले सोट. नेपाळच्या बाजूला याक चरत होते. दाजू सारखे म्हणत, "बिस्तारै, बिस्तारै." म्हणजे हळूहळू.

दहाच्या सुमाराला नेपाळच्या बाजूने ढग वर चढले. बघता बघता कांचनजंगा गेली, एव्हरेस्ट गेले, मग पुढचा माणूसही धूसर झाला. वारा असा की बोलणे ऐकू येईना. आम्ही एकामागे एक, पुढच्याच्या पिशवीकडे पाहत चालू लागलो. माझी भाची रोज पुढे असायची, ती आज सर्वांत मागे होती. एका खांबापाशी ती बसली आणि ओकली. मी विचारले तेव्हा म्हणाली, "काही नाही मामा, सकाळी चहा जास्त झाला."

दाजूंनी तिचे ऐकले नाही. त्यांनी विचारले, रात्री झोप लागली का? नाही. डोके दुखते का? ती गप्प राहिली. मग सांगितले की काल रात्रीपासूनच दुखते आहे. आपल्यामुळे सगळ्यांची सहल बिघडू नये म्हणून बोलली नव्हती. दाजूंनी तिला उभे केले, काठीने जमिनीवर एक सरळ रेघ ओढली आणि म्हणाले, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत यावरून चाल. सात-आठ पावले ती नीट चालली. मग तोल गेला. पुन्हा चालायला लावले, पुन्हा गेला.

तेव्हा आम्ही सबरग्रामच्या अलीकडे पोचलो होतो. चौदा किलोमीटर झाले होते, सात उरले होते. आडोसा पाहून सगळे बसलो आणि वाद सुरू झाला. आमच्यातले दोघे म्हणाले, "एवढ्या लांब आलो, सात किलोमीटर तर राहिले. हळूहळू जाऊ. फालुटला खोली आहे, तिथे ती आराम करेल." दुसरे म्हणाले, सांदकफूला परत जाऊ, तेथे गाडी मिळेल. मोबाइलला रेंज नव्हती. मी मामा, मी तिच्या आईला शब्द देऊन आलेला. माझे डोके चालत नव्हते.

दाजूंनी सगळ्यांचे बोलणे संपू दिले. मग त्यांनी जे सांगितले ते मी येथे मुद्दाम लिहून ठेवतो. ते म्हणाले, "फालुटलाही उंची हीच, सांदकफूलाही हीच. पुढे गेलो तर सात किलोमीटर वरच काढायचे आणि तिथून मग उतरायचे. मागे गेलो तर चौदा किलोमीटर वरच काढायचे. इथून मात्र उजव्या हाताला मोलेची वाट लगेच खाली उतरते. हिला औषध एकच आहे, ओरालो." म्हणजे उतार.

यावर कोणी काही बोलले नाही. हिशेब चोख होता. आमच्यात पदवीधर चार होते, पण हा हिशेब मांडला तो शाळेची चार यत्ताही पुऱ्या न केलेल्या माणसाने. फालुट सोडायचे ठरले. दोन-तीन जण वेगळे पुढे जाऊ का म्हणाले, त्यालाही दाजूंनी नकार दिला. वाटाड्या एक आणि धुके दाट. बारा जण एकत्रच उतरतील.

थोडे अंतर भाची दोघांच्या खांद्यांवर हात टाकून चालली. मग पाय उचलेना. तेव्हा इलामच्या त्या पोराने आपला डोको खाली ठेवला. डोको म्हणजे बांबूची मोठी निमुळती टोपली. ती पाठीवर असते, पण तिचा सगळा भार कपाळावरून घेतलेल्या पट्ट्यावर येतो. त्या पट्ट्याला नाम्लो म्हणतात. पोराने नाम्लो सोडवला, शाल घातली आणि तिला पाठीवर बसायची खूण केली.

ती बसेना. मला म्हणाली, "मामा, आजोबांनी जन्मभर गोदीत गोणी उचलल्या. त्यांची नात माणसाच्या पाठीवर बसून डोंगर उतरणार?" एवढ्या आजारातही हे तिच्या मनात आले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. दाजूंनी तिचे म्हणणे त्या पोराला सांगितले. तो हसला आणि काही बोलला. दाजूंनी आम्हाला हिंदीत सांगितले, "तो म्हणतो, आजारी माणसाला आम्ही ओझे म्हणत नाही. मी आजारी पडेन तेव्हा तुम्ही मला उचला."

ती बसली. तो उतरू लागला. ओल्या दगडांवर, धुक्यात, पाय असा टाकत होता की जणू प्रत्येक दगड ओळखीचा आहे.

त्याच्या डोकोतले सामान आम्ही वाटून घेतले. उरलेले दहाएक किलो डोकोसकट मी घेतले. दाजूंनी दोरी आणि मफलर यांचा पट्टा करून माझ्या कपाळावर बसवला. पाच मिनिटांत मान ताठली. दहा मिनिटांत डोळ्यांपुढे फक्त पायाखालची वाट उरली. नाम्लो लावला की मान वर करून आजूबाजूला पाहता येत नाही. डावीकडे कोणता देश, उजवीकडे कोणता, कोणते शिखर, काही दिसत नाही. तीन दिवस आम्ही शिखरे मोजत चाललो होतो. हे दोघे तीन दिवस, माझ्या दुप्पट भार घेऊन, जमीन पाहत चालले होते. आपले वडील कामावरून आल्यावर मान का चोळत, हे मला सव्वाचाळीस मिनिटांत समजले. वेळ मी घड्याळात पाहिली होती, कारकुनाची सवय.

मोलेला मुक्कामाची साधी खोली आहे. चूल पेटवून भाचीला गुंडाळून बसवले, डोके उंच ठेवले, घोट घोट कोमट पाणी दिले. दाजूंनी बजावले की झोपेची गोळी कोणी देऊ नका. रात्रभर ते आणि थोरला ओझेवाला आळीपाळीने जागले. दर तासाला तिला उठवायचे आणि विचारायचे, नाव काय? गाव कोणते? आज वार कोणता? उत्तर चुकले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्रीच पाठीवर घेऊन आणखी खाली उतरायचे, अशी दोघांनी तयारी करून ठेवली होती. मशाल, दोरी, नाम्लो दाराशी ठेवले होते. बाराला तिने वार चुकवला. माझ्या पोटात गोळा आला. दाजूंनी पुन्हा विचारले, तेव्हा बरोबर सांगितला. तीनला तिने स्वतःहून पाणी मागितले. पाचला म्हणाली, "मामा, भूक लागली." त्या एका वाक्यासाठी मी शंभर फालुट सोडले असते.

सकाळी आकाश निरभ्र होते. पण वर जायचे नाव कोणी काढले नाही. आम्ही जंगलातून रम्मामकडे उतरलो. जसजसे खाली गेलो तसतशी तिची मान सरळ झाली. दुसऱ्या दिवशी श्रीखोला आणि मग रिंबिक. रिंबिकच्या आरोग्य केंद्रात दाखवले. तेथील परिचारिकेने सांगितले की वेळेत उतरलात हेच बरे केलेत.

दार्जिलिंगला परतल्यावर आम्ही हिमालयीन गिर्यारोहण संस्थेत गेलो. १९५४ साली स्थापन झालेली ही संस्था. तेनसिंग नोर्गे येथेच शिकवीत. हेच तेनसिंग १९३५ साली पहिल्यांदा एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेले ते ओझेवाले म्हणून. अठरा वर्षांनी, २९ मे १९५३ रोजी, ते हिलरीसह शिखरावर उभे राहिले. त्यांचे नाव झाले. पण १९२२ साली दार्जिलिंगहून निघालेल्या इंग्रजांच्या मोहिमेत ७ जूनला बर्फाचा लोट कोसळून सात ओझेवाले मेले. त्या मोहिमेतल्या मॅलरीचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्या सातांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

आपल्याकडे हमालांनी संघटना केली, लढा दिला, तेव्हा १९६९ साली माथाडी कायदा झाला. मजुरीची, सुट्टीची, आजारपणाची काही हमी आली. आमच्या घरात दोन पिढ्या शिकल्या त्या या हमीवर. डोंगरातल्या ओझेवाल्याचे मोल आपण ओळखले नाही तर मग कोण ओळखणार?

म्हणून जे कोणी अशा वाटेवर जातील त्यांना माझे सांगणे आहे. अडीच हजार मीटरच्या वर कोणालाही हा त्रास होऊ शकतो. वय, ताकद, गडकिल्ल्यांचा सराव, कशाचीही हमी नाही. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे, ही पहिली लक्षणे. ती दिसली की त्याच दिवशी सोबत्यांना सांगावे, मुलींनी तर संकोच न करता सांगावे. लक्षणे असताना आणखी वर चढू नये. तोल जाऊ लागला, बोलणे गोंधळले किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट न पाहता उतरावे. औषधे घ्यायची ती निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून. सिंगलीलाचे उद्यान पावसाळ्यात, १६ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत बंद असते, हेही ध्यानात ठेवावे.

आणि वाटाडे-ओझेवाले घेताना भाव पाडू नये. त्यांच्या पायात बूट आहेत का, अंगावर गरम कपडा आहे का, ओझे किती आहे, हे आपण स्वतः पाहावे. जेवायला बरोबर बसवावे. ते थांबा म्हणाले तर थांबावे, उतरा म्हणाले तर उतरावे.

आमची भाची आता शेवटच्या वर्षाला आहे. इलामच्या त्या पोराला तिने मराठी आकडे शंभरपर्यंत शिकवायचे ठरवले होते, ते चाळीसवर राहिले आहेत.